रोलरच्या चालीनं उंबरदऱ्याला

नगरहून सकाळची एस.टी. धरली, तर दुपारच्या जेवणापर्यंत माणूस राजूरला पोचतो. खिडकी मिळाली तर राहुरीचा ऊस दिसतो, कोल्हारला प्रवरेचं पाणी दिसतं, संगमनेरला चहा होतो, आणि पुढे डोंगर सुरू झाले की बहुतेकांना डुलकी लागते. हाच रस्ता मी गेल्या माघात आठवडा लावून गेले, वाफेच्या रोलरवर बसून. शाळेतल्या मैत्रिणींनी इतके प्रश्न विचारले की शेवटी म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

रोलर माझ्या वडिलांचा, नानांचा. म्हणजे बांधकाम खात्याचा, पण इतकी वर्षं त्यांनीच चालवला, की घरात आम्ही 'आपला रोलर' असंच म्हणतो. राजूरकडच्या खडीच्या सडकेवर डांबर पडायचं होतं, म्हणून तो तिकडे न्यायचा हुकूम आला. रोलर असा कुठल्या गाडीवर चढवून नेत नाहीत. तो स्वतःच चालत जातो, माणसाच्या चालीनं. मागे एक पत्र्याचा चार चाकी डबा जोडलेला असतो. त्यात कोळसा, अवजारं, वळकट्या आणि चुलीचं सामान. आई गेल्यापासून नाना कामावर असले की चहा-बटरवर दिवस काढतात, म्हणून 'मी येते, भाकरी करून घालते,' असं सांगून मी नगरच्या ज्या शाळेत शिकवायचे, तिथून रजा घेतली.

हे कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की मला नानांना एक गोष्ट सांगायची होती. आमच्या शाळेत रघुनाथ नावाचे मास्तर दोन वर्षं होते. बायको तापानं गेलेली, लहान मुलगी गावी आजीपाशी. ते बदली मागून आपल्या गावी, राजूरच्या पलीकडे उंबरदऱ्याला गेले. जाण्याआधी त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. 'नानांना मात्र मीच सांगेन,' हेही म्हटलं. ते काही जमेना. कारण नाना बहिरे झालेत. बॉयलरपाशी आयुष्य गेलं की कान जातातच. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि आमच्या खोलीत ओरडलं की आळीतल्या चार घरांना ऐकू जातं. उघड्या रस्त्यावर कोण असणार ऐकायला, असं मला वाटलं होतं.

नगर ते राहुरी

पहाटे मारुतीकाकांनी बॉयलर पेटवला. मारुतीकाका म्हणजे नानांचे खलाशी, पाथर्डीकडचे, पन्नाशी उलटलेले. कोळसा घालणं, पाणी भरणं, पुढे लाल फडकं घेऊन चालणं ही त्यांची कामं. वाफ धरायला दोन-अडीच तास लागतात. तेवढ्यात मी बॉयलरच्या दारातल्या निखाऱ्यांवर फावडं धरून त्यावर वांगी भाजली. त्या वांग्यांना कोळशाचा जो वास लागतो, तो घरच्या चुलीवर येत नाही. काय केल्या येत नाही.

निघालो तेव्हा ऊन नुकतं सावेडीच्या मळ्यांवर उतरत होतं. रोलर चालू झाला की पहिल्यांदा पोटात धडधडतं. मग ती धडधड तळपायांत उतरते, आणि तासाभरानं ती आपलीच वाटायला लागते. नाना इंजिन कानांनी नाही, पायांनी ऐकतात. अनवाणी उभे राहतात. कुठे काही बिघडलं की पायाचा अंगठा आधी हलतो, मग हात.

सगळं जग आम्हाला मागे टाकून पुढे जात होतं. सायकली, टांगे, एस.टी., डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायका, एक तर लंगडी शेळी. पहिल्या दिवशी मला याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटेना. इतक्या हळू जाताना झाड यायच्या आधी त्याची सावली येते. सावली अंगावरून पूर्ण सरकेपर्यंत फांद्यांवरचे पक्षी दिसतात, बुंध्यावरचा चुना-गेरूचा पट्टा दिसतो. निवडणुका तोंडावर होत्या, भिंती रंगल्या होत्या. त्या भिंतींवरची अक्षरं मी इतका वेळ वाचत बसे की शेवटी त्यांचा अर्थ जाऊन नुसते रंग उरत.

विळदच्या चढाला नानांनी रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं. पावसानं कड खचली होती आणि सडकेचं पोट उघडं पडलं होतं.

"बघ कमळे," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे ते मोठ्यानं बोलतात. "खाली मुरूम. त्याच्यावर हे उभे लावलेले दगड, सोलिंग म्हंत्यात त्याला. मग खडी. डांबर म्हंजे नुसती वरची घोंगडी. साहेबांच्या मोटारी आल्या, धुरळा उडाया लागला, म्हून घोंगडी घातली. माझ्या बापानं हितंच दगडी रूळ वढला, बैल जुपून. तवा घोंगडी नव्हती."

मी त्या कडेकडे वळून बघत राहिले. आजोबांना मी पाहिलेलं नाही. उन्हात डोळे जड झाले होते. बैलांच्या पाठी, त्यांच्यामागे गडगडत येणारा गोल दगड आणि त्याच्यामागे एक माणूस, असं काहीतरी डोळ्यांपुढे हलत होतं. ते बरोबर आमच्याच चालीनं चाललं होतं.

राहुरीच्या अलीकडे रस्ता मोकळा दिसला. मी ठरवलं, आता. नानांच्या कानाशी गेले आणि सगळा दम एकवटून ओरडले, "नाना, मला लग्न करायचंय!"

"वंगन?" नाना म्हणाले. "परवाच घातलंया की!"

"वंगण नाही, लग्न!"

"व्हय व्हय, राहुरीत घेऊ."

मागून हसू आलं. एक सायकलवाला पाय टेकून आमच्याबरोबर चालला होता. मागे दुधाचे कॅन बांधलेले. "ताई," तो म्हणाला, "म्हाताऱ्याला न्हाई, पर मला ऐकू आलं बघा!" आणि पॅडल मारत तो राहुरीच्या दिशेनं निघून गेला.

कोल्हार

वाफेच्या रोलरला सारखं पाणी लागतं. त्यामुळे विहीर दिसली की थांबायचं, आणि विहीर म्हणजे बायका आल्या. राहुरीच्या पुढे, देवळालीच्या अलीकडे एका मळ्यातल्या विहिरीवर मी बादली सोडत होते, तर एका बाईनं मला निरखून विचारलं, "रोलरवाल्याची लेक तूच का गं? लगीन करायचंय म्हनं तुला?"

तो दुधाचा सायकलवाला! बातमी आमच्यापुढे गेली होती, आणि रोलरच्या चालीनं आम्ही तिला गाठणं शक्य नव्हतं. त्या विहिरीवर मला उसाचं कांडकं मिळालं, एक शेंगदाण्याचा लाडू मिळाला, आणि तीन स्थळं सांगून आली. नाना झाडाखाली बसून भाकरी खात होते. त्यांनी हसून बायकांना नमस्कार केला. त्यांना वाटलं, बायका रोलरचं कौतुक करतायत.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट मी विसरणार नाही. कोल्हारच्या अलीकडे धुकं होतं. त्या धुक्यातून घंटांचा आवाज आला, आणि मग एकामागून एक उसाच्या गाड्या बाहेर यायला लागल्या. कारखान्याकडे निघालेल्या. गाडीवान सगळे झोपलेले. उसावर उताणे, पटकुरात गुरफटलेले, कुणाचा हात खाली लोंबतोय. बैलही अर्धवट डोळे मिटून चालत होते. कुणी जागं नव्हतं आणि गाड्या एका ओळीत, सडक न सोडता, चालल्या होत्या. मारुतीकाका लाल फडकं खाली धरून बाजूला उभे राहिले. नानांनी वाफ कमी केली. चाकांवरच्या लोखंडी धावांचा करकर आवाज तेवढा येत राहिला.

"आमच्या गावाकडली हायती," मारुतीकाका हळूच म्हणाले. "दिवाळीनंतर सारं गाव हिकडं येतं ऊस तोडाया. गावात म्हातारी राहत्यात आन् कुत्री."

"ह्यांच्या धावांनी डांबर कापतं," गाड्या गेल्यावर नाना म्हणाले. "पर ह्यांच्यापायीच तर सडका झाल्या. कारखाना आला की ऊस आला, ऊस आला की सडक आली. गाव हाय म्हून सडक हुत न्हाई, पोरी. काहीतरी न्यायचं असलं की हुती."

हे वाक्य मला त्या वेळी नुसतं ऐकू आलं. अर्थ नंतर लागला.

दुपारी मी मारुतीकाकांना गाठलं. नाना आणि ते वर्षानुवर्षं खुणांनी बोलतात. पाणी, कोळसा, थांब, चढ, जेवण, साहेब आला, सगळ्याला खूण आहे. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगाल का नानांना? मास्तर आहेत, बिजवर आहेत, मुलगी आहे एक, गाव उंबरदरा. एवढंच."

मारुतीकाकांनी पंच्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. "बाई," ते म्हणाले, "पान्याची खून करीन, कोळशाची करीन. आसलं हातवाऱ्यानं सांगायचं नसतं. तुलाच सांगाया पायजे."

प्रवरेकाठ

लोणीवरून पश्चिमेला वळलो. आता समोर डोंगर दिसायला लागले. सकाळी निळे, दुपारी दिसेनासे, संध्याकाळी पुन्हा जवळ. दिवसभर चालून ते तितकेच लांब राहत. एक म्हातारी आमच्याबरोबर जवळजवळ अर्धा दिवस चालली. डोक्यावर झाकलेली पाटी, पाटीत कोंबडी. लेकीकडे निघाली होती. तिला रोलरचा वेग पसंत होता. "यस्टीत बसलं की कोनाशी बोलाया मिळत न्हाई," ती म्हणाली. तिच्या लहानपणी लेकीला भेटायला जायचं तर दोन ओढे, एक नदी, मध्ये एक मुक्काम लागायचा. "आता सडक झाली. तवा लेक लांब हुती आन् माझ्या मनात रोज असायची. आता जवळ हाय तर म्हंते, जाईन उद्या." कोंबडीनं पाटीतून मान काढली आणि ती परत आत ढकलत म्हातारी एका पांदीत वळून गेली.

संगमनेर मागे टाकून अकोल्याच्या वाटेला लागलो आणि नदीकाठी एका वळणावर फट्‌ आवाज झाला. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी फुटली होती. वाफेचा लोट उठला. नानांनी हात पोळत कॉक बंद केला. आग ओढून काढावी लागली. दुसरी नळी आणायला मारुतीकाका येणाऱ्या ट्रकला हात करून संगमनेरला परत गेले.

आणि सगळं थांबलं. इतक्या दिवसांची धडधड एकाएकी गेल्यावर वाटलं, आपलेच कान गेले. मग हळूहळू आवाज यायला लागले. नदीचं पाणी, पाणकोंबड्या, पलीकडच्या थडीला कुणीतरी कपडे आपटत होतं. मी नानांच्या हाताला खोबरेल लावलं. ते पाण्यात पाय सोडून बसले होते. आमच्या काठाला आसपास एक माणूस नव्हतं.

मी त्यांच्या अगदी कानाला तोंड लावलं आणि न ओरडता, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं.

या वेळी त्यांना ऐकू आलं. मधे एकदा मान वळवून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मी पुन्हा सांगितलं. बिजवर म्हटलं तेव्हा ते पाण्याकडे बघत होते. मुलगी आहे म्हटलं तेव्हाही तसेच.

"गाव कोनतं म्हन्लीस?"

"उंबरदरा. राजूरच्या पुढे."

नाना पाण्यातून उठले. ओल्या पायांनी रोलरपाशी गेले आणि थंड पडलेल्या बॉयलरला पाठ टेकून, माझ्याकडे न बघता, उभे राहिले. मारुतीकाका नळी घेऊन येईपर्यंत ते तसेच उभे होते.

घाट

पुढचा दीड दिवस नाना माझ्याशी बोलले नाहीत. भाकरी खाल्ली, पाणी मागितलं, एवढंच. अकोलं गेलं. डांबर संपलं, खडी लागली. दोन्ही अंगांना पळस फुलला होता. झाडावर एक पान नाही, सगळं केशरी. भाताची खाचरं रिकामी पडली होती, पायऱ्यांसारखी डोंगरावर चढत गेलेली. अशा मुलखात आपण आनंदानं यावं असं मी किती दिवस मनात आणलं होतं. आता रोलरच्या मागे, डब्याच्या पायरीवर बसून ते सगळं मागे मागे जाताना बघत होते आणि डोळे भरत होते.

राजूरच्या अलीकडे घाट आहे. चढाला मारुतीकाका चाकाखाली घालायची लाकडी उटी घेऊन मागे चालत होते. माथ्यावर पोचल्यावर नानांनी रोलर थांबवला, चाकाला उटी लावली, आणि मला हाक मारली. खाली दरीत एक पायवाट दिसत होती, उन्हात पांढरी, बारीक.

"बिजवर असू दे," ते एकदम म्हणाले. "पोर हाय, तीबी असू दे. आईयेगळं लेकरू हाय, तुला पुन्य लागंल. त्याच्यावर माझं काई न्हाई."

त्यांनी खालच्या पायवाटेकडे बोट दाखवलं.

"सडक जितं संपती, त्याच्या पल्याड मी माझी लेक देनार न्हाई."

मग त्यांनी ते सांगितलं. मी शाळेत शिकत असतानाची गोष्ट. अशाच डोंगरात काम चालू होतं, पावसाळा लागला, काम बंद पडलं आणि रोलर सडकेच्या टोकाला ताडपत्री घालून उभा केलेला. नाना त्याच्यापाशी राखणीला. एका दुपारी वरच्या वाडीतून माणसं आली, बांबूला घोंगडी बांधून केलेल्या झोळीत एक बाई घेऊन. बाळंतपणात अडलेली. ओढा उतरायची वाट बघत त्यांनी दोन दिवस घालवले होते. सडकेवर पोचलं की गाडी मिळेल, असं त्यांना वाटलं होतं. सडकेवर होता तो फक्त रोलर.

"ती बाई मला म्हनाली, 'दादा, ह्याच्यात घालून न्या.'" नाना दरीकडे बघत होते. "ह्याच्यात! मान्सापेक्षा हळू जातंय हे. वाफ धरस्तोवर दोन तास. मी त्यान्ला म्हन्लं, उचला, पळत ऱ्हा. मीबी खांदा दिला. कोसभर गेलो आसंल. मग त्यांनीच झोळी खाली ठिवली."

 मारुतीकाका पलीकडे तोंड करून बिडी पेटवत होते. काडी सारखी विझत होती.  मी म्हटलं, "एकदा गाव तरी बघा." कानाशी जाऊन नव्हे, तोंडासमोर उभं राहून म्हटलं. ओठांवरून त्यांना कळलं.

उंबरदरा

राजूरला पोचल्यावर कळलं, डांबराची पिंपं आलीच नाहीत. चार-सहा दिवस तरी काम सुरू होणार नव्हतं. नानांनी रोलर झाडाखाली लावला, पायात वहाणा घातल्या आणि सकाळी मला म्हणाले, "चल."

उंबरदरा तिथून चार मैल. अर्ध्या वाटेपर्यंत बैलगाडीची चाकोरी आहे. मग पहिला ओढा लागतो. तेव्हा पाणी घोट्याइतकं होतं, पण काठावरच्या झाडांना वरपर्यंत काडीकचरा अडकलेला. नाना तो कचरा किती उंचावर आहे ते बघत राहिले. तिथून पुढे दुसरा ओढा, आणि त्याच्यानंतर चढ. आणि त्या चढावर नाना थबकले.

वाट दगडांनी बांधलेली होती. मोठे काळे दगड, एकमेकांत बसवलेले, मधोमध झिजून गुळगुळीत झालेले. दोन्ही बाजूंना पाणी जायला चर. चुना नाही, माती नाही. वरून उंबराच्या फांद्या आलेल्या आणि सगळी वाट हिरव्या उजेडात. नाना खाली बसले. त्यांनी दोन दगडांच्या फटीत बोटं घातली, मग तळवा दगडावर ठेवून तसेच राहिले. मीही शेजारी बसले. दगड गार होता. झिजलेल्या खळग्यांतून किती पाय गेले असतील, माणसांचे, जनावरांचे, याचा विचार करताना झोप यावी तसं झालं, आणि आपण आत्ता कुठल्या काळात बसलोय हे क्षणभर नीट सांगता आलं नसतं.

"वंजाऱ्यांचे बैल मीठ घिऊन यायचे ह्या वाटंनं," आवाज आला. रघुनाथच्या आई होत्या, तोंडवळ्यावरून कळलंच. डोक्यावर लाकडाची मोळी. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं होतं. "कोनी बांधली ते न्हाई ठावं. माझ्या सासऱ्याच्या आज्यालाबी न्हाई ठावं."

नानांना ऐकू आलं नाही. ते उठले आणि मोळीला हात लावून म्हणाले, "आना हिकडं, बाई." त्यांनी ती आपल्या डोक्यावर घेतली.

घर साधं, शेणानं सारवलेलं, ओसरीला मोठा उंबर. तांदळाच्या भाकरी, कुळथाचं पिठलं, आणि लसूण-मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा लागतो; इथे आधी गूळ आणि पाणी, आणि पाणी पिऊन होईपर्यंत कुणी काही विचारत नाही. यमुना, रघुनाथची पाच वर्षांची मुलगी, दाराआडून बघत होती. तिला माझ्यापेक्षा नानांच्या खाकी टोपीत जास्त रस होता.

रघुनाथ शाळेतून आले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मग नाना दिसले आणि तो पुन्हा सावरला. नानांनी बसा म्हटलं नाही, ख्यालीखुशाली विचारली नाही. जेवणाच्या ताटावरच विचारलं, "मास्तर, पावसाळ्यात वाट बंद हुती का?"

मी रघुनाथकडे बघितलं. ते एक खोटं बोलले तर बरं, असंही त्या क्षणी मनात आलं.

रघुनाथ नानांच्या समोर आले, ओठ दिसतील असे बसले. "होते," ते म्हणाले. "दोन ओढे आहेत. कधी कधी आठ-आठ दिवस कोणी येत नाही, जात नाही. चढाची वाट कधी वाहून गेलेली नाही, पण ओढे अडवतात. माझी बायको गेली तेव्हा पहिल्या ओढ्याला पाणी होतं."

 नानांनी भाकरीचा तुकडा हातात धरला होता, तो त्यांनी ताटात ठेवला. मला वाटलं, झालं, संपलं.

"दुसऱ्याला हुतं का नव्हतं?" नानांनी विचारलं.

"त्या दिवशी दुसरा उतरला होता. पहिल्यानं अडवलं."

नानांनी मान हलवली. तुकडा उचलून खाल्ला. आणखी एक भाकरी मागून घेतली. मग हात धुऊन म्हणाले, "पहिल्या वढ्याला दगड हायेत का जवळ? मोठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ओढ्यात उभे होते, धोतर खोचून. मारुतीकाका राजूरहून पहारी घेऊन आले. रघुनाथनं शाळेला सुट्टी दिली नाही, पण शाळा सुटल्यावर ते यायचे, आणि तोपर्यंत वाडीतले वीसेक लोक आलेले असायचे. नानांनी ओढ्याच्या पात्रात आडवी दगडी फरशी, म्हणजे पाण्याखालून जाणारी वाट, घालायला सुरुवात केली. त्या जुन्या चढावर बघितली तशीच. मोठे दगड उभे, निमुळतं टोक खाली, एकमेकांत दाबून. खालच्या अंगाला आणखी मोठ्यांची रांग, पाण्यानं ढकललं तर टेकायला. पाणी अडवायचं नाही, वरून जाऊ द्यायचं. पाणी आलं तरी पायाखाली घट्ट असलं पाहिजे, मग झोळी घेऊन चौघांना पार होता येतं.

रोलर तिथे येऊ शकत नव्हता. माणसांनीच ठोकायची लाकडी धुमुस आपटून दगड बसवले. बायकांनी पाट्यांनी मुरूम टाकला. मीही टाकला. हात सोलवटले, कंबर गेली. यमुना बारके दगड आणून फटींत बसवत होती. नानांना ते तिथे नको असत, तरी तसेच राहू देत.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा दगड बसत होता. नाना कमरेत वाकलेले, रघुनाथ पहारीवर भार देऊन दगड तोलून धरत होते. दगड बसला. नाना त्याच्यावर उभे राहिले, अनवाणी, दोन्ही पाय रोवून, डोळे मिटून. मग डोळे उघडून ते रघुनाथला म्हणाले, "मास्तर, वैशाखात शाळंला सुट्टी असती का?"

रघुनाथला पटकन कळलं नाही. ते म्हणाले, "असते की. पूर्ण महिना."

त्यांच्या आईला मात्र कळलं. काठावर त्या पाटी खाली ठेवून मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

परत

दोन दिवसांनी डांबर आलं, नाना कामाला लागले, आणि मी एस.टी.नं नगरला परतले.  झाडं इतक्या वेगानं जात होती की एकाही सावलीत बसल्यासारखं वाटेना. राहुरीत जरा डोळा लागला, तोवर नगर आलं.

लग्न वैशाखात झालं. हे मी उंबरदऱ्यातून लिहितेय. श्रावण आहे, पाऊस लागला की समोरचा डोंगर आठवडाभर दिसत नाही. ढग ओसरीपर्यंत येतात आणि यमुना त्यांत हात घालून बघते. पहिल्या ओढ्याच्या फरशीवरून पाणी गुडघाभर, पांढरं होऊन जातं, पण माणसं हात धरून पार होतात. मागच्या पंधरवड्यात वरच्या घरातल्या एका पोराला तसंच नेलं. ताप होता. ते राजूरला पोचलं, आणि परत आलं.

नाना गेल्या रविवारी आले. राजूरहून घोंगडी पांघरून, पावसात. पहिला ओढा ते फरशीवरून आले. दुसऱ्याला पाणी जास्त होतं. आम्ही तिघं या काठाला, ते त्या काठाला. मी हातानं खूण केली, परत जा. ते एका दगडावर बसले. दुपारभर बसून राहिले. मधून मधून पाण्यात काठी रोवून बघायचे. संध्याकाळच्या जरा आधी पाणी कमरेखाली आलं, तेव्हा रघुनाथ दोर घेऊन उतरले आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले.

चुलीपाशी बसून त्यांनी धोतर पिळलं. मी चहा दिला. यमुना त्यांच्या मांडीवर चढली. ती त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली, त्यांनी काही न कळता मान डोलावली. मग चहाचा घोट घेऊन ते रघुनाथकडे वळले.

"दिवाळी झाली की पहारी तय्यार ठिवा," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या वढ्याला काळे दगड न्हाईत. वरनं आनाया लागतील."